माझ्याआधी घाट चढून गेलेली चित्रं

सकाळचे साडेसहा वाजले असतील. पडवीत पेंढा पसरलेला, रात्री भरलेल्या पेट्या एका बाजूला रचलेल्या, टेम्पो बेड्याशी येऊन उभा. पाच डझनाची पेटी उचलली, सरळ झालो आणि छातीत टर्रकन काहीतरी फाटलं. नवं मांजरपाट दोन्ही हातांनी ओढून फाडावं तसं. पेटी खाली कशी ठेवली ते आठवत नाही. कळ छातीतून पाठीत गेली, दोन खवाट्यांच्या मधोमध थांबली आणि मग कमरेकडे उतरू लागली. अंगावरचं बनियन घामाने चिंब झालं. बायको धावत आली तेव्हा एवढंच म्हणालो, "अगं, आत काहीतरी फाटलं."

'फाटलं' हा शब्द मुद्दाम लिहितोय. त्या दिवशी तो मी चार-पाच जणांना सांगितला. केसपेपरवर मात्र दुपारपर्यंत 'छातीत दुखणे' एवढंच उतरलं होतं.

मी एस.टी.चा निवृत्त चालक. गाव पावसजवळ. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी रत्नागिरी–कोल्हापूर मार्गावर. रक्तदाब पन्नाशीतच लागला होता. गोळी रोजची होती, पण आंब्याच्या धावपळीत ती संपली आणि बरं वाटतंय म्हणून महिनाभर आणलीच नाही. याची खंत मला आजही आहे.

पुतण्याने गाडी काढली. गावाजवळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, ॲस्पिरिन चघळायला दिली, रक्त पातळ ठेवणाऱ्या आणखी चार गोळ्या दिल्या आणि लगेच रत्नागिरीला पाठवलं. त्यांच्यावर माझा राग नाही. साठीचा माणूस छाती धरून घामाघूम होऊन आला की आधी हृदयविकाराचाच झटका मनात येणार, आणि बहुतेक वेळा तो तसाच असतो. पण गुठळी होऊन हृदयाची नळी तुंबली असेल तर ज्या गोळ्या जीव वाचवतात, त्याच गोळ्या महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटली असेल तर रक्त थांबू देत नाहीत. दुखणं एकाच जागी, आणि औषधं एकमेकांच्या नेमकी उलट.

शहरातल्या पहिल्या रुग्णालयात पुन्हा ईसीजी झाला, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासलं. दोन्हींत ठळक असं काही नव्हतं. तोवर कळही थोडी ओसरली होती. "गॅसेसचं असू शकतं, सहा तासांनी परत तपासू," असं सांगून मला खाटेवर निजवलं. पुढे कळलं की याच साध्या ईसीजीने माझा एक जीवघेणा धोका टाळला होता. त्यात हृदयविकाराच्या झटक्याच्या ठळक खुणा असत्या, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं असतं. पण त्याच ईसीजीच्या भरवशावर आम्ही घरी जायलाही निघालो होतो. बायकोने पुतण्याला विचारलंही, "संध्याकाळपर्यंत सोडतील ना रे?"

दुपारी पाळी बदलली आणि एक तरुण डॉक्टरबाई आल्या. माझ्या मुलीच्याच वयाच्या. कागद वाचून त्या खुर्ची ओढून बसल्या. "काका, दुखणं हळूहळू वाढत गेलं, की पहिल्या क्षणालाच सगळ्यात जास्त होतं?" पहिल्याच क्षणाला, मी म्हणालो. "जागा बदलली का?" बदलली. "कसं वाटलं, तुमच्या शब्दांत सांगा." मी पुन्हा म्हणालो, फाटल्यासारखं.

त्यांनी उजव्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, वरचा आकडा १७८. मग डाव्या दंडाला, १३४. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. तोच फरक. जांघेतल्या नाड्या बोटांनी चाचपल्या, डावी बारीक लागत होती. मला पुढे वाकवून छातीवर नळी लावली आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिल्या. उठल्या त्या नर्सला म्हणाल्या, "रक्त पातळ करायचं जे काही लिहिलंय ते सगळं थांबवा." एका माणसाच्या दोन हातांत दोन वेगळे रक्तदाब असू शकतात हे मला साठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

खाटेवरच एक्स-रे काढला. हृदयाच्या वरची मधली सावली रुंद होती. पण निजवून काढलेल्या एक्स-रेत ती तशीही रुंदच दिसते, त्यामुळे नक्की काही म्हणता येत नव्हतं. उलट एक्स-रे अगदी निर्मळ आला तरी हा आजार नाही असं ठरत नाही, असंही त्यांनी पुतण्याला समजावलं. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयातून महाधमनी निघते तिथे ती फुगलेली दिसली, झडप गळत होती आणि आत एक दोरा फडफडल्यासारखा वाटला. हृदयाभोवती रक्त साचलं नव्हतं, हे नशीब. त्यापुढचा भाग मात्र इकोला दिसेना. ध्वनिलहरींना फुप्फुसातली हवा आडवी येते. "फाट किती लांब गेलीय ते सीटीशिवाय कळणार नाही," बाई म्हणाल्या. एमआरआय का नाही, असं पुतण्याने विचारलं. त्याला फार वेळ लागतो, आणि तेवढा वेळ अशा पेशंटला त्या नळीत एकटं ठेवता येत नाही, असं उत्तर मिळालं.

सीटीच्या खोलीतली ती वीस मिनिटं मला मिनिटागणिक आठवतात. तिथला तंत्रज्ञ मुलगा संगमेश्वराकडचा असावा, बोलण्यावरून तसं वाटलं. त्याने माझा डावा हात बघितला आणि म्हणाला, "काका, ही निळी सुई चालायची नाय." सकाळपासून सलाईन जात होतं ती निळ्या टोपीची बारीक सुई, आणि तीही डाव्या मनगटात. त्याने उजव्या कोपराच्या खळगीत हिरव्या टोपीची जाड सुई घातली. औषध हाताने नाही, यंत्राने भरायचं होतं, सेकंदाला चार-पाच मिलीच्या वेगाने. एवढा जोर बारीक सुई सोसत नाही. आणि उजवाच हात का, तर डाव्या हाताची शीर हृदयाकडे जाताना महाधमनीच्या कमानीसमोरून आडवी जाते. तिच्यात घट्ट औषध भरलं की चित्रात झळाळीचे पट्टे उठतात, आणि जिथे बघायचं तीच जागा झाकली जाते. हे सगळं तो हात चालू ठेवून सांगत होता. हाताखालच्या पोराला काम शिकवताना आगारातला चांगला मेस्त्री असाच बोलायचा.

बायकोला विचारलं, कसली ॲलर्जी? मधुमेहाची गोळी? दमा? औषधात आयोडीन असतं, ते क्वचित कोणाला सोसत नाही, आणि मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो. किडनीचा रिपोर्ट अजून आला नव्हता. तंत्रज्ञाने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "थांबायचं नाही." बायकोने सही केली. तिचा हात थरथरत होता, पण सही वळणदारच आली.

मग छातीला ईसीजीच्या चकत्या लावल्या. मला वाटलं, आता पुन्हा ईसीजी कशाला? तर महाधमनीचं मूळ हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला हलतं. हलत्या वस्तूचा फोटो पुसट येतो, कडा दुहेरी दिसते, आणि ती दुहेरी कडा कधीकधी फाटीसारखीच भासते. म्हणून यंत्र ठोक्याच्या तालावर चित्रं घेतं. दोन्ही हात डोक्यावर घ्यायला लावले तेव्हा पाठीतली कळ पुन्हा उसळली. ओठ चावून पडून राहिलो.

पहिला फेरा औषधाशिवाय झाला. कधीकधी अस्तराला फट दिसत नाही, पण भिंतीच्या आतच रक्त साकळलेलं असतं. ते ताजं रक्त साध्या चित्रात पांढरट चंद्रकोरीसारखं दिसतं, आणि औषध भरलं की त्या झगमगाटात हरवतं. म्हणून आधी साधा फेरा. त्या मोठ्या कड्याच्या आत काहीतरी वेगाने फिरत असल्याचा आवाज येत होता, चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढवल्यावर येतो तसा. एक्स-रेची नळीच आत माणसाभोवती गरगर फिरत असते.

"आता औषध येतंय काका. अंग गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल. होत नाही. घाबरू नका." तो काचेपलीकडे गेला. दंडातून ऊब चढली, घशात आली, तोंडात गंजक्या लोखंडाची चव, आणि मग तीच ऊब पोटातून थेट मांड्यांपर्यंत ओतली गेली. माझं रक्त कुठून कुठे जातं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा आतून कळलं. यंत्र महाधमनीच्या एका ठिपक्यावर नजर ठेवून असतं. औषध तिथे पोचून ठिपका पुरेसा उजळला की फेरा सुरू. "श्वास घ्या. धरा." मी धरला. टेबल सरकलं, गळ्यापासून जांघेपर्यंत. "सोडा." बस्स, एवढंच. सकाळपासून ज्याचा कोणाला अंदाज लागत नव्हता ते एका श्वासात टिपून झालं होतं.

एरवी काम झालं की 'झालं, उठा' म्हणतात. तो मुलगा आत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, हलू नका. आम्ही उचलतो." चौघांनी चादरीसकट उचललं. त्याच्या आवाजावरूनच मला काय ते समजलं.

महाधमनीचं अस्तर हृदयाच्या जरा वर फाटलं होतं. तिथून रक्त भिंतीच्या थरांत शिरलं होतं, आणि थर सोलत सोलत कमानीवरून, पाठीमागून, पोटातून थेट डाव्या मांडीच्या वाटेपर्यंत गेलं होतं. डाव्या हाताचा कमी रक्तदाब आणि डाव्या जांघेची बारीक नाडी, दोन्हींचं कारण त्या एका चित्रात होतं. फाट जर फक्त पाठीमागच्या भागात असती तर अतिदक्षता विभागात ठेवून, औषधांनी रक्तदाब दाबून बहुधा भागलं असतं. हृदयातून वर निघणारा भाग फाटला तर छाती उघडण्यावाचून इलाज नसतो. पहिल्या प्रकाराला डॉक्टर टाइप बी म्हणतात, दुसऱ्याला टाइप ए. माझा ए. अशा पेशंटवर शस्त्रक्रिया झाली नाही तर सुरुवातीच्या काळात तासागणिक शंभरातले एक-दोन दगावतात असं शिकवलं जातं, हे बाईंनी पुतण्याला बाहेर सांगितलं. माझ्या कानावर ते महिन्याभराने आलं.

हे काम रत्नागिरीत होण्यासारखं नव्हतं. कोल्हापूरच्या सर्जनना फोन गेला, आणि फोनमागोमाग माझी चित्रंही गेली, इंटरनेटवरून. आमची रुग्णवाहिका हातखंब्याला पोचायच्या आत ती तिकडे उघडून बघितली होती. कुठून छेद घ्यायचा, कृत्रिम नळी किती जाडीची लागेल, शरीर थंड करणाऱ्या यंत्राच्या नळ्या कुठल्या धमनीत घालायच्या, हे त्यांनी मी पोचण्याआधीच ठरवलं होतं. माझ्याआधी माझी महाधमनी घाट चढून गेली होती.

गाडीत सोबत डॉक्टर होता. हातात रक्तदाब आणि नाडी उतरवणाऱ्या लॅबेटालॉलचं सलाईन, कळीसाठी वेगळं इंजेक्शन. नाडी साठच्या खाली आणि वरचा रक्तदाब १०० ते १२० यांत ठेवायचा, म्हणजे प्रत्येक ठोक्याचा फाटीवर बसणारा धक्का कमी होतो. मोजायचा तो उजव्या हातातच, कारण डावा हात खोटा आकडा दाखवत होता. मी उताणा, डोळे मिटलेले, पण रस्ता मला दिसत होता. पाली, नाणीज, दाभोळे. साखरप्याला गाडी जराशी थांबली आणि निघाली. चौपदरीकरणाच्या वळशांना खडी वाजली. मग आंबा घाट लागला. हजारो वेळा फिरवलेली ती वळणं पाठीखालून जात होती. कुठलं डावं, कुठलं उजवं, कुठे दुसरा गिअर टाकायचा, सगळं अंगात होतं. चालवणारा पोरगा चांगला होता. वळणाआधी वेग मोडत होता, वळणात ब्रेक मारत नव्हता. मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर गिअर बदलत राहिलो आणि त्यामुळे भीती थोडी लांब राहिली. मलकापूर मागे पडल्यावर मला ग्लानी आली.

शस्त्रक्रियेबद्दल मी काय सांगणार, मी तिथे नव्हतोच. आठ तास चालली. अन्ननलिकेतून इकोची नळी घालून आतून पुन्हा एकदा खातरजमा केली, झडप वाचवली, वरचा फाटका भाग कापून तिथे डेक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी शिवली. सकाळच्या गोळ्यांमुळे रक्त थांबता थांबेना, प्लेटलेट्सच्या पिशव्या लागल्या. त्यासाठी माझ्या जुन्या आगारातल्या पोरांनी रांग लावली होती.

घरी सोडण्याआधी मी रेडिओलॉजिस्टना म्हटलं, मला ते चित्र बघायचंय. त्यांनी बसवून घेतलं आणि माझी छाती वरून खाली चकत्यांनी उलगडत नेली. निरोगी महाधमनी चित्रात अखंड पांढरी गोल दिसते. माझी दिसत होती अडकित्त्याने दोन फाकांत कातरलेल्या सुपारीसारखी, मधोमध काळी रेघ. ती रेघ म्हणजे सुटलेलं अस्तर. रेघेच्या एका बाजूची फाक लहान आणि जास्त उजळ, तो रक्ताचा खरा मार्ग. दुसरी मोठी, जराशी मंद, तो नव्याने तयार झालेला खोटा मार्ग. खालच्या चकत्यांत एक मूत्रपिंड खऱ्या मार्गातून रक्त घेत होतं, दुसरं खोट्यातून.

मी त्यांना म्हणालो, साहेब, हे मला ओळखीचं आहे. रिमोल्ड टायरला बारीकशी चीर पडते, वरून काही कळत नाही. तिच्यातून हवा थरांच्या मधे शिरते, वरचं ट्रेडचं रबर आणि आतलं कॅनव्हास एकमेकांपासून सुटत जातात आणि एका बाजूला फुगा येतो. टायर फुटलेला नसतो. गाडी चालतही असते. अशी गाडी कुठल्याही चालकाने बाहेर काढू नये. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या पेशंटना मी असंच सांगेन."

विश्रांतीच्या तीन महिन्यांत मुलीने मायकेल डिबेकी या अमेरिकी सर्जनची हकिकत वाचून दाखवली. महाधमनीच्या या शस्त्रक्रियेचा पाया ज्यांनी घातला त्यांतले ते एक. डेक्रॉनची पहिली नळी त्यांनी १९५०च्या दशकात बायकोच्या शिवणयंत्रावर शिवली होती. २००५च्या डिसेंबरअखेरीस, ९७ वर्षांचे असताना, त्यांची स्वतःचीच महाधमनी फाटली. शस्त्रक्रिया २००६च्या फेब्रुवारीत झाली, त्यांनीच घडवलेल्या पद्धतीने, आणि ते २००८च्या जुलैपर्यंत जगले. बायकोने ते ऐकलं, उठून कोपऱ्यातल्या आमच्या शिवणयंत्रावरचं कापड काढलं, चाकावरून हात फिरवला आणि पुन्हा झाकलं.

माझ्या पाठीमागच्या भागातली फाट अजून तशीच आहे. ती शिवलेली नाही, तिच्यावर पाळत ठेवलेली आहे. सहा महिन्यांनी सीटी झाली, मग वर्षाने. महाधमनीची तिथली जाडी ३८ मिलिमीटर होती, यंदा ३९ आली. साधारण ५५च्या आसपास गेली तर पुढचा विचार करायचा असं सांगितलंय. प्रत्येक वेळी आधी मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं, नंतर भरपूर पाणी प्यायचं. मागच्या सगळ्या चित्रांची सीडी बरोबर न्यायची, कारण एकट्या चित्राला फारसा अर्थ नाही, आधीच्या शेजारी ठेवलं की ते बोलतं. सीड्या मी देवघराशेजारच्या फडताळात ठेवल्या आहेत. गोळी आता एक दिवसही चुकत नाही.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी घरच्यांबद्दल विचारलं होतं. वडील कशाने गेले? मी नववीत होतो. पेरणीचे दिवस, ते मळ्यातून आले, पायरीवर बसले, पाठीला हात लावून म्हणाले, पाठीत कसंतरी होतंय. तासाभरात गेले. हार्टफेल म्हणून लोकांनी सांगितलं आणि आम्ही ते धरून चाललो. काय होतं ते आता कधीच कळणार नाही. पण रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांची एकदा इको करून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं.

मुलगी आणि मुलगा ठीक निघाले. चिपळूणचा धाकटा भाऊ मात्र टाळत होता. "मला काहीच होत नाही रे दादा," हेच त्याचं उत्तर. अखेर या दिवाळीत मीच त्याला घेऊन गेलो. इकोत महाधमनीचा वरचा भाग ४४ मिलिमीटर निघाला, असायला हवा त्याहून मोठा. नेमकं माप घ्यायला सीटी सांगितली.

तो आत गेला तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार जड आहे, पण खालच्या फटीतून आवाज येतो. कडं फिरू लागलं. मग तंत्रज्ञाचा आवाज, "श्वास घ्या. धरा." मीही धरला. "सोडा" ऐकू येईपर्यंत सोडला नाही.

दंडावर कापूस दाबून तो बाहेर आला. जाडी तेवढीच होती, अस्तर कुठेही सुटलेलं नव्हतं. रक्तदाबाची गोळी आणि वर्षाने पुन्हा तपासणी, एवढं लिहून मिळालं. जिना उतरताना तो माझा हात धरून म्हणाला, "दादा, खरंच पोटात गरम होतं रे."